मेटल डिटेक्टर घेऊन फिरताय? कुठं चालतं, कुठं गुन्हा होतो, अन् हंडा लागलाच तर काय करायचं

काही हजार रुपयांत मेटल डिटेक्टर आता कुरिअरनं थेट गावात येतो. लांब दांडा, खाली चकती, कानाला हेडफोन. मोबाईलवर कुणीतरी परदेशातल्या शेतात सोन्याचं नाणं उकरून काढताना दिसतं आणि पुढच्या रविवारी गावातली चार पोरं यंत्र मोटारसायकलला बांधून गडाच्या वाटेला लागतात. यंत्र विकणारा एक गोष्ट सांगत नाही, ती म्हणजे हे फिरवायचं कुठं आणि कुठं नाही. ती कळते तेव्हा बहुतेक वेळा समोर पोलीस उभे असतात.

याचं ताजं उदाहरण रावेर तालुक्याच्या सीमेपलीकडचं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट आला. बुऱ्हाणपूर हे मोगलांचं श्रीमंत ठाणं होतं आणि १६८१ मध्ये मराठ्यांनी त्यावर छापा घातला होता, ही गोष्ट त्यामुळं पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आली. मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरात महामार्गाच्या कामाची माती शेतात पडली आणि तिच्यात जुनी नाणी निघाल्याची आवई उठली. मग काय, रात्री शेकडो लोक टॉर्च, चाळण्या, कुदळी आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतात उतरले. उभ्या शेतात खड्डेच खड्डे झाले. शेवटी पोलिसांना आणि प्रशासनाला तिथं जावं लागलं. ज्याचं शेत त्याचं नुकसान झालं ते वेगळंच.

पुरातत्त्वाचे आणि गुप्तधनाचे कायदे तुमच्या हातातल्या यंत्राकडं बघत नाहीत. जमीन कुणाची, खणलं कुणी, आणि निघालं काय, या तीन गोष्टींकडं बघतात. त्यामुळं यंत्राची पावती खिशात असली तरी तिचा इथं काही उपयोग नाही.

गड-किल्ला म्हणजे सरळ नाही

प्रवासात यंत्र सोबत नेणाऱ्यांचा पहिला मोह गडाचा असतो. तिथंच सगळ्यात मोठी जोखीम आहे. केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या यादीत महाराष्ट्रातली अडीचशेहून जास्त स्मारकं आहेत. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाची यादी वेगळी, तिला १९६० चा राज्याचा कायदा लागू होतो. केंद्राच्या यादीतल्या जागेला १९५८ चा प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळांचा कायदा लागतो. संरक्षित क्षेत्रात परवानगीवाचून खणलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

इथं एक बारीक गोष्ट शेतकऱ्यांच्या कामाची आहे. संरक्षित क्षेत्रात कुणाची खासगी शेतजमीन येत असेल तर मालकालाही तिथं उत्खनन करता येत नाही. शेती चालते, पण एक फुटापेक्षा खोल खणायचं नाही, असं कायद्यात लिहिलंय. म्हणजे पेरणी-कोळपणीला अडचण नाही, पण 'माझ्याच शेतात खड्डा घेतला' हे उत्तर तिथं टिकत नाही.

स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरचा पट्टा प्रतिबंधित, आणि त्यापुढचा २०० मीटरचा नियंत्रित. हे पट्टे मुख्यतः बांधकाम आणि खाणकामासाठी आखलेले आहेत, पण यंत्र घेऊन फिरणाऱ्यानं ३०० मीटर लांब राहणंच शहाणपणाचं. अंतर मोजायला टेप लागत नाही. गुगल मॅपवर जागेवर बोट दाबून धरलं की 'अंतर मोजा' असा पर्याय येतो. बुरुजापासून नव्हे, तर स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून मोजायचं, हे ध्यानात ठेवा. ती हद्द बऱ्याच गडांची तटाच्या बाहेरपर्यंत असते.

जुलै २०२५ मध्ये साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातले अकरा किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी, असे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. या ठिकाणी चकती फिरवताना कुणी दिसलं तर गडावरची पोरंच आधी अडवतील, पोलीस नंतर येतील.

पण फलक नाही म्हणजे गड मोकळा, असंही नाही. पुष्कळ गड वनखात्याच्या जमिनीवर आहेत. राखीव वनात विनापरवाना शिरणं, दगड काढणं, जमीन खोदणं हे १९२७ च्या वन कायद्यानं मना आहे. हरिश्चंद्रगड आणि रतनगड अभयारण्यात येतात, वासोटा कोयना अभयारण्यात, नरनाळा मेळघाटाच्या भागात. तिथं वन्यजीव कायदाही वर चढतो.

पांढरीचं टेकाड : दिसतं साधं, असतं मोलाचं

गडापेक्षा जास्त घोटाळा होतो तो पांढरीवर. नदीकाठच्या जवळपास प्रत्येक जुन्या गावाला पांढरी असते. शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली, घरं पडली, पुन्हा उभी राहिली, राख-माती-खापरं साचत गेली आणि टेकाड झालं. गावकरी ती माती खत म्हणून शेतात टाकतात, भिंती सारवायला नेतात. पावसाळ्यानंतर मणी, खापराचे तुकडे, कधी शिशाचं किंवा तांब्याचं नाणं वर येतं. सातवाहनांची शिशाची नाणी अशीच पोरांच्या हाती लागतात.

तेर, पैठण, नेवासा, जुन्नर, भोकरदन, कौंडिण्यपूर ही नावं पुस्तकात गेली ती असल्याच टेकाडांमुळं. पांढरीचा काही भाग संरक्षित असतो, काही गावठाणात, काही सरकारी पडीक, काही लोकांच्या सातबाऱ्यावर. बाहेरच्या माणसाला हे वरून कळत नाही. त्यामुळं अनोळखी गावात पांढरीवर यंत्र लावूच नये.

तेरचं उदाहरण मुद्दाम सांगण्यासारखं आहे. धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव म्हणजे रोमशी व्यापार करणारं जुनं तगर. तिथले रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात मिळणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि त्यातून पुढं त्यांच्याच नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. वस्तू वितळवल्या असत्या तर सोनाराकडं चार दिवसांचा किराणा निघाला असता. आज लोक तेरला त्या बघायला जातात. कोल्हापुरात ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्तीही तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. प्रवासात जुन्या धातूच्या वस्तू बघायच्याच असतील तर या दोन जागा यंत्रापेक्षा स्वस्त पडतात.

नदी, गायरान, समुद्रकिनारा

'मोकळी जागा आहे, कुणाची नाही' हा सगळ्यात चुकीचा हिशेब. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणं नद्या, नाले, रस्ते, तलाव आणि खासगी मालकीची नसलेली जमीन राज्य सरकारची असते. नदीपात्रात उत्खनन केलं तर वाळूचोरीची भानगड वेगळी मागं लागते. पुलाखाली दोरीला लोहचुंबक बांधून भाविकांनी टाकलेली चिल्लर काढणारी पोरं सगळीकडं दिसतात. आजची बरीच नाणी स्टीलची असल्यानं ती चिकटतात. त्यातून पुरातत्त्वाचा गुन्हा होत नाही. पण घाटाजवळच्या जुन्या पात्रात मूर्ती, तांब्याची नाणी, शिलालेख असतात, तिथं हात आवरायला हवा.

कोकणच्या किनाऱ्यावर पर्यटकाची अंगठी हरवते, पैंजण पडतं. ते शोधायला वाळूवर वरवर यंत्र फिरवणं आणि हातभर खड्डे घेणं यात फरक आहे. आधी ग्रामपंचायतीला, किनाऱ्यावरच्या सुरक्षारक्षकाला किंवा पोलीसपाटलाला सांगून ठेवलेलं बरं. वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर हिवाळा ते उन्हाळा ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वाळूत असतात. तिथं खणणं म्हणजे अंडी फोडणं, आणि हे कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

किनाऱ्यावर दुसऱ्याची अंगठी सापडली तर ती गुप्तधन नव्हे, हरवलेला माल आहे. मालक शोधायचा रास्त प्रयत्न न करता ती खिशात घातली तर भारतीय न्याय संहितेप्रमाणं अपहाराचा गुन्हा होऊ शकतो. जवळच्या ठाण्यात जमा करून पोच घ्या.

मग चालतं कुठं?

स्वतःच्या मालकीची, संरक्षित नसलेली जमीन. दुसऱ्याची खासगी जमीन, पण मालकाच्या लेखी परवानगीनं. स्वतःचा वाडा, खळं, परसू. प्रामाणिकपणं सांगायचं तर आपल्याकडची यादी इथंच संपते.

पाहुण्याच्या गावी गेलात आणि त्याच्या शेतात हौस भागवायची असेल तर तोंडी 'जा की, आपलंच शेत' यावर जाऊ नका. आधी महाभूलेखवर सातबारा उघडा. भोगवटादार कोण, इतर हक्कात काय नोंद आहे, वन किंवा सरकार असा शेरा आहे का, हे दोन मिनिटांत दिसतं. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील तर एकाची परवानगी पुरत नाही. जमीन वाट्यानं दिलेली असेल तर उभ्या पिकाचा धनी वेगळा, त्यालाही विचारावं लागतं. एका कागदावर गट नंबर, तारीख, खड्डे परत बुजवायची हमी आणि सापडलेल्या वस्तूचं काय करायचं, एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या. हा शेवटचा मुद्दा किती महत्त्वाचा आहे ते पुढं कायद्यात येतंच.

पोलीसपाटलाला एक फोन करून ठेवला तर निम्मी भानगड टळते. परक्या गावात संध्याकाळनंतर बॅटरी आणि यंत्र घेऊन शेतात दिसलेली माणसं 'गुप्तधनवाली टोळी' समजली जातात, आणि मग कागद दाखवायलाही वेळ मिळत नाही. दिवसाउजेडी, मालकाला सोबत घेऊनच हे काम करावं.

यंत्राचा खरा उपयोग तर याहून साधा आहे. भांगलताना पडलेलं मंगळसूत्र, मातीखाली गेलेला पाइपलाइनचा व्हॉल्व्ह, ट्रॅक्टरची हरवलेली पिन, जुन्या विहिरीवरचं गाडलेलं झाकण. ज्याच्याकडं यंत्र आहे त्याला अशी कामं गावोगाव मिळतात, आणि त्याला कुणी हरकत घेत नाही. काही कृषी पर्यटन केंद्रांवर मुलांसाठी मालकानंच लपवलेल्या वस्तू शोधायचा खेळ ठेवता येतो. सहलीत पोरांची हौस भागवायला तो बरा.

हंडा लागला तर तो कुणाचा?

बहुतेकांना वाटतं, माझ्या शेतात निघालं ते माझं. दुसऱ्या टोकाला काहींना वाटतं, सरकार सगळंच घेऊन जातं, म्हणून सांगायचंच नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि दुसऱ्या समजापायी गरीब माणसं जास्त अडकतात.

भारतीय निखात निधी कायदा १८७८ सालचा आहे आणि आजही चालू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही लपलेली कोणतीही मोलाची वस्तू म्हणजे निधी. मूळ कायद्यात दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू असली की कळवणं बंधनकारक आहे. त्या काळचे दहा रुपये ते, आज त्यात सगळंच येतं. जिल्हाधिकाऱ्यांना शक्य तितक्या लवकर लेखी कळवायचं आणि वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची, किंवा मागितल्यावर हजर करू अशी हमी द्यायची.

त्यानंतर जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात. कुणाचा दावा असेल तर त्यानं हजर व्हावं म्हणून चार ते सहा महिन्यांच्या आतली तारीख दिली जाते. चौकशीत दोन गोष्टी बघतात : कुणाला, कुठं, कसं सापडलं, आणि ते पुरलं कुणी. शंभर वर्षांच्या आत आपल्या पूर्वजानं ते पुरल्याचं कुणी म्हणत असेल तर त्याला दिवाणी न्यायालयात जायला मुदत मिळते. जुना वाडा पाडताना आजीचे डाग निघाले, अशा प्रकरणात हेच कलम कामाला येतं. म्हणून वाडा पाडण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा.

कुणाचाच हक्क ठरला नाही तर निधी बेवारस ठरतो. अशा वेळी जमीनमालकानं दावा केला आणि त्यात वाद नसला तर वाटणी अशी : तीन हिस्से सापडवणाऱ्याला, एक हिस्सा जमीनमालकाला. हो, सापडवणाऱ्याला जास्त. खड्डा घेणारा मजूर असला तरी कायद्याच्या नजरेत सापडवणारा तोच. मात्र दोघांत आधी काही करार झालेला असेल तर वाटणी त्या कराराप्रमाणं होते. परवानगीच्या कागदावर हा मुद्दा लिहा म्हणायचं कारण हेच. आणि मजुरांनीही असल्या कागदावर न वाचता अंगठा देऊ नये.

वस्तू ऐतिहासिक मोलाची असेल तर जिल्हाधिकारी ती सरकारसाठी घेऊ शकतात, पण फुकट नाही. धातूची किंमत आणि त्यावर एक पंचमांश जास्त, असं मोल कायद्यात दिलंय. म्हणजे सोन्याच्या भावावर वीस टक्के. चोरून विकताना सोनार याच्या निम्मंही देत नाही, हे वेगळं सांगायला नको.

आणि न कळवलं तर? सापडवणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. लपवायला मदत करणाऱ्या जमीनमालकाला सहा महिन्यांपर्यंत. नाणी ठोकून, वितळवून ओळख पुसली तरी हेच.

२०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडजवळच्या चिखलीत बांधकामाच्या मातीत मजुरांना मोगल काळातली २१६ सोन्याची नाणी मिळाली. वजन दोन किलोहून जास्त. नाणी घरात ठेवली गेली, बातमी फुटली, पोलीस आले आणि सगळा ऐवज जप्त झाला. त्याच दिवशी एक अर्ज गेला असता तर त्यांची गणती सापडवणाऱ्यांत झाली असती, संशयितांत नव्हे.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातही येते. अशा वस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती देशाबाहेर खासगीत पाठवताच येत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'जुनं नाणं, बोली लावा' म्हणून शेतातल्या खड्ड्याचा फोटो टाकणारे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच गोळा करून ठेवतात.

जागेवरून हलवलं की अर्धी गोष्ट गेली

खात्यातली माणसं 'हात लावू नका' असं का म्हणतात, हे दायमाबादच्या उदाहरणावरून कळतं. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी हे गाव. १९७४ मध्ये तिथल्या एका गावकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना चार कांस्य वस्तू मिळाल्या : बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोच्या वर. भारतातल्या फार मोलाच्या सापडांत त्यांची गणना होते.

पण त्या वस्तू पद्धतशीर उत्खननात, थराथरानं उतरत निघाल्या नव्हत्या. त्यामुळं त्या नेमक्या किती जुन्या, यावर अभ्यासक वाद घालत राहिले. उत्तर हडप्पा काळाच्या म्हणणारे आहेत आणि धातूच्या घडणीवरून शंका घेणारेही आहेत. त्या गावकऱ्याचा यात काही दोष नव्हता, तो आपलं काम करत होता. यंत्राचा आवाज ऐकून मुद्दाम खड्डा घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. वस्तू हाती येते, पण ती कुठल्या थरात, कुठल्या खापराशेजारी, कुठल्या राखेत होती ते कायमचं जातं.

मूर्ती निघाली तर गावात लगेच हळदकुंकू लागतं, शेंदूर चढतो, पारावर प्रतिष्ठापना होते. भावना समजण्यासारखी आहे. पण शेंदूर-तेलानं कोरीव काम बुजतं आणि नंतर साफ करताना दगड झिजतो. आधी खात्याची नोंद होऊ द्या, मग गावानं काय ती मागणी करावी.

यंत्र किती खोल बघतं, अन् बाबा किती खोल बघतो

हौसेचं यंत्र नाण्याएवढी वस्तू वीतभर, फार तर फूटभर खोलीवर दाखवतं. मोठा हंडा असेल तर थोडं अधिक. पन्नास फूट खालचं सोनं दाखवणारं, लांबून दिशा सांगणारं यंत्र म्हणून जे लाखांत विकलं जातं ती शुद्ध फसवणूक आहे. त्यातच आपला काळा कातळ आणि कोकणातला जांभा लोहयुक्त. यंत्र नीट जुळवलं नाही तर जमिनीवरच किणकिणत राहतं. शेतात शंभर वेळा आवाज आला तर नव्वद वेळा बैलाची पत्री, फाळाचा तुकडा, नटबोल्ट, बाटलीचं झाकण किंवा गुटख्याची पुडी.

यंत्रानं भागत नाही तेव्हा मांत्रिक येतो. पायाळू माणूस, अमावास्या, नागाचा पहारा, बळी. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेले अघोरी प्रकार नाव घेऊन आलेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. असल्या टोळीत यंत्रवाला म्हणून भाड्यानं गेलेलं पोरगंही आरोपीच्या रांगेत बसतं.

राज्याबाहेर आणि परदेशात

सीमा ओलांडली की नियम बदलतात. कर्नाटकाचा स्वतःचा गुप्तधन कायदा १९६२ चा आहे, गोव्याचा स्मारकांचा कायदा १९७८ चा. हंपी बघायला जाताना यंत्र घरीच ठेवलेलं बरं.

मोबाईलवरचे बहुतेक व्हिडिओ इंग्लंडचे असतात. तिथं जमीनमालकाची परवानगी असली की हौशी माणसाला शोध घेता येतो, पण संरक्षित स्मारकावर नुसतं यंत्र फिरवणंही गुन्हा आहे. १९९६ च्या कायद्याप्रमाणं निधी सापडला की १४ दिवसांत कॉरोनर या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. लेक-जावई लंडनला असतील आणि थेम्सच्या काठी चिखलात शोधायची हौस आलीच, तर तिथल्या बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो. फ्रान्समध्ये जुन्या वस्तू शोधण्यासाठी यंत्र वापरायला सरकारी परवानगी लागते, आयर्लंडही असाच कडक. तिकडचा व्हिडिओ बघून इकडं खड्डा घेणं म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपलं कर्ज काढण्यासारखं आहे.

अर्ज कसा लिहायचा

काही निघालं तर खणणं तिथंच थांबवा. पुसू नका, धुऊ नका, लिंबू-चिंच लावू नका. मोबाईलवर जागेसकट फोटो काढा, शेजारी विळा किंवा पेन ठेवा म्हणजे आकार कळतो. लोकेशन चालू असू द्या. पोलीसपाटील किंवा तलाठ्याला बोलावून पंचांसमोर नोंद करून घ्या आणि अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, तहसीलदारांमार्फत द्या. कायद्याला अर्जात तीनच गोष्टी लागतात : वस्तू काय व अंदाजे किती किमतीची, कुठं सापडली, कधी सापडली. साध्या भाषेत एवढं पुरतं :

"मौजे ……, ता. ……, येथील गट नंबर …… मध्ये दि. …… रोजी सकाळी …… वाजता पाइपलाइनचा चर घेताना सुमारे …… फूट खोलीवर मातीच्या मडक्यात …… नाणी मिळाली. अंदाजे किंमत रुपये ……. जमीन …… यांच्या नावे असून वस्तू मला मिळाल्या आहेत. निखात निधी कायदा, १८७८ प्रमाणे ही लेखी सूचना देत आहे. वस्तू कोषागारात जमा करण्यास तयार आहे. फोटो सोबत जोडले आहेत."

दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. वस्तू सोपवताना नगाची संख्या आणि वजन लिहिलेली पावती घेतल्याशिवाय हातातून सोडू नका.